हललं की ४के उरत नाही: रिझोल्युशन आणि रिफ्रेश रेटचं खरं काय ते

प्रश्न थोडक्यात असा की सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर आहे, ५५ इंची घ्यायचाय, घरात पिक्चर आणि मॅचेस बघितल्या जातात आणि मुलाचा गेमिंग कन्सोल आहे. समोर तीन पर्याय: ६० हर्ट्झचा ४के, १२० हर्ट्झचा ४के आणि एक ८के. त्यात पहिल्याच्या खोक्यावर 'मोशन रेट २४०' छापलंय, म्हणजे तो दुसऱ्याच्या दुप्पट फास्ट का? आणि सध्याच्या टीव्हीवर पिक्चर डेली सोपसारखे का दिसतात?

टीव्ही बसवणं, सेटिंग लावून देणं आणि बिघडले की उघडून बघणं हेच मी अठरा वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो. १२० हर्ट्झचा ४के घ्या, ८के विसरा, आणि मोशन रेट हा आकडा वाचूच नका. घाईत असाल तर इथंच थांबलात तरी चालेल, पुढे फक्त का ते आहे आणि ते जरा लांबलंय.

आधी रिझोल्युशनचं, म्हणजे पडद्यावर किती ठिपके (पिक्सेल) आहेत ते बघू कारण ते सोपं आहे. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८०, गुणाकार केला की साधारण २०.७ लाख ठिपके. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख, बरोब्बर चौपट. ८के म्हणजे ७६८० बाय ४३२०, ३ कोटी ३२ लाख. आणि छोट्या टीव्हीवर 'एचडी रेडी' लिहिलेलं असतं ना, त्यात बहुतेकदा १३६६ बाय ७६८ असतात, जेमतेम साडेदहा लाख, म्हणजे 'रेडी' आहे पण फुल नाही.

आता हे ठिपके डोळ्याला दिसतात का हा खरा प्रश्न. ६/६ नजर असलेल्या माणसाला अंदाजे एका अंशाचा साठावा भाग इतकं बारीक वेगळं ओळखता येतं, त्याच्या खाली दोन ठिपके एकात एक मिसळून जातात. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंमी रुंद असतो, त्यात १९२० ठिपके बसवले तर एक ठिपका ०.६३ मिमीचा होतो आणि गणित केलं की २.२ मीटरच्या पलीकडे तो वेगळा दिसायचा बंद होतो. दरवेळी कॅल्क्युलेटर काढायचा कंटाळा येतो म्हणून मी एक सोपं केलंय: टीव्हीचे इंच गुणिले ४, जे येईल तितके सेंटीमीटर ही फुल एचडीची हद्द. त्याच्या अर्ध्यावर ४केची हद्द आणि त्याच्याही अर्ध्यावर ८केची. ५५ ला २२० सेंमी, ११० सेंमी आणि ५५ सेंमी. ४३ ला १७२, ८६, ४३. मोजून बघा, सगळ्या साइजना अगदी जवळपास बरोबर येतं.

तुमचे ९ फूट म्हणजे २७४ सेंमी. म्हणजे तुम्ही फुल एचडीच्याच हद्दीबाहेर बसलाय, ४के तर लांबच राहिलं, आणि ८के खरोखर बघायचं तर टीव्हीसमोर अर्ध्या मीटरवर खुर्ची टाकावी लागेल. काही लोकांची नजर ६/६ पेक्षा चांगली असते, तिरक्या रेषांचे दात वगैरे थोडे लांबूनही जाणवतात, त्यामुळे ही हद्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही, पण अंदाज म्हणून पक्की आहे.

मग ४के तरी कशाला असं विचाराल. एक तर या साइजमध्ये आता फुल एचडी पॅनेल जवळजवळ मिळतच नाहीत. दुसरं, एचडीआर (उजेड आणि अंधार यांच्यातला जास्त मोठा फरक दाखवणारं चित्र) आणि जास्तीचे रंग हे ४केच्या बरोबरीनेच घरात आले आणि ते मात्र ९ फुटांवरूनच काय, खोलीच्या दारातूनही दिसतात. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे स्ट्रीमिंगवाले ४केच्या स्ट्रीमला जास्त डेटा देतात, त्यामुळे आकाशातले पट्टे, अंधाऱ्या सीनमधले चौकोन चौकोन हे कमी होतं. तुम्हाला 'फोरके किती भारी दिसतंय' असं वाटतं ते पुष्कळदा पिक्सेलमुळे नसतंच, डेटामुळे असतं. नेटफ्लिक्स ४केसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन असावं म्हणतं, आणि ४के ब्लूरे डिस्कला १२८ एमबीपीएसपर्यंत जायची मुभा आहे. दोन्हींवर लेबल एकच, ४के. म्हणून कुणी नुसतं ४के म्हटलं की मी विचारतो, कुठून येणारं?

८केबद्दल एवढंच की जपानच्या एनएचके या सार्वजनिक टीव्ही संस्थेने १ डिसेंबर २०१८ ला ८के चॅनल सुरू केलं, पण बाकी जगात घरी बसून बघण्यासारखं ८के फारसं काही आलं नाही. म्हणजे तुम्ही जे बघाल ते ४के किंवा त्याहून कमीच असणार आणि उरलेले ठिपके टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरणार. ते पैसे मोठ्या साइजला किंवा चांगल्या पॅनेलला घाला.

अशा ठिपके भरण्याचा, म्हणजे अपस्केलिंगचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १०८० चं चित्र ४केवर टाकलं की एकाचे बरोब्बर चार होतात, ७२० चं टाकलं की एकाचे नऊ, हिशोब स्वच्छ बसतो. तेच १०८० चं चित्र १३६६ च्या पॅनेलवर टाकलं की हिशोब फिसकटतो, एका ठिपक्यात दीड ठिपका कोंबावा लागतो आणि अक्षरं मऊ पडतात. याहून वाईट म्हणजे ओव्हरस्कॅन. जुन्या नळीच्या टीव्हीत कडा लपवायला चित्र थोडं फुगवून दाखवायचे, ती सवय आजच्या बऱ्याच टीव्हींमध्ये अजून शिल्लक आहे. एका घरी नवाकोरा टीव्ही 'पुसट दिसतो' म्हणून परत पाठवायची तयारी चालली होती, मी जाऊन पिक्चर साइजमध्ये 'जस्ट स्कॅन' केलं आणि शार्पनेस ५० वरून १० वर आणला, बाकी काही नाही. चित्र चारी बाजूंनी थोडं मोठं करून कापलं जात होतं, म्हणजे प्रत्येक ठिपका शेजारच्यात सांडत होता, आणि वरून शार्पनेस वाढवल्यामुळे प्रत्येक कडेला पांढरी किनार आलेली. शार्पनेस वाढवून नवीन डिटेल येत नाही, असलेल्या डिटेलला काजळ घातलं जातं फक्त. हे सेटिंग वेगवेगळ्या कंपन्यांत 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल', 'ओव्हरस्कॅन ऑफ' अशा नावांनी सापडेल.

इथपर्यंत सगळं थांबलेल्या चित्राचं झालं. पण टीव्हीवर थांबलेलं चित्र बघतं कोण?

हर्ट्झ, म्हणजेच रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवीन चित्र घेऊ शकतो तो आकडा. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १२० ला ८.३. हे पडद्याचं झालं. येणाऱ्या व्हिडिओत सेकंदाला किती फ्रेम आहेत ते वेगळं, आणि निम्मा घोळ या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतो. पिक्चर बहुतेक २४ फ्रेमवर शूट होतात, बोलपट आले तेव्हापासूनची ती सवय. टीव्हीचं प्रसारण काही देशांत ५० चं आणि काही देशांत ६० चं, कारण सुरुवातीला टीव्हीचं घड्याळ घरातल्या विजेच्या ५० किंवा ६० हर्ट्झशी जुळवलेलं होतं. विजेचा तो हिशोब टीव्हीने कधीच सोडून दिला, आकडे मात्र चिकटून राहिले.

आता २४ चा पिक्चर ६० च्या पडद्यावर घाला. ६० ला २४ ने भागा, अडीच येतात. अर्धी फ्रेम दाखवता येत नाही, म्हणून टीव्ही एक फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा, परत तीनदा, परत दोनदा. कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळू सरकत असेल तर इमारतींच्या कडा एकसारख्या न जाता लंगडत जातात, ते हे. १२० ला भागा, बरोब्बर पाच, प्रत्येक फ्रेम पाचदा, लंगडणं संपलं. तुमच्या घरात पिक्चर बघितले जातात म्हणून १२० म्हणायचं पहिलं कारण हेच आहे. काही ६० हर्ट्झचे टीव्ही २४ चा सिग्नल आला की स्वतः ४८ वर उतरतात आणि त्यांच्यातही लंगडणं जातं, पण सगळे तसं करत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. आपला डोळा हलत्या वस्तूमागे सरकत राहतो. बॉल उजवीकडे चालला की नजर पण सलग उजवीकडे चालली. पण आजच्या एलसीडी (मागून दिवा असलेल्या) किंवा ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणाऱ्या) पडद्यावर फ्रेम १६.७ मिलिसेकंद एका जागी खिळून उभी असते आणि मग एकदम पुढच्या जागेवर उडी मारते. नजर सरकतेय, चित्र उभंय, त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर ते चित्र फरफटतं. जुना नळीचा टीव्ही क्षणभर चमकून विझायचा म्हणून त्याच्यावर मॅच इतकी स्वच्छ दिसायची, रिझोल्युशन नावाला सुद्धा नसताना.

आकड्यांत बघा. ४केच्या पडद्याची रुंदी एखादी वस्तू ४ सेकंदांत ओलांडतेय, काही फार वेग नाही, रमतगमत सरकणारा कॅमेरा म्हणा. ३८४० भागिले ४, सेकंदाला ९६० पिक्सेल. ६० फ्रेम असतील तर प्रत्येक फ्रेममागे १६ पिक्सेलची फरफट. म्हणजे आडव्या दिशेने तुमच्या ३८४० ठिपक्यांतले प्रत्येकी १६ एकमेकांत मिसळले, हातात राहिले २४०. ८के घेतलात तर त्याच वेगाला ३२ पिक्सेलची फरफट होईल आणि हातात परत २४०च राहतील! थांबलेल्या चित्राला लाखो ठिपके आणि हललं की सगळे सारखेच गरीब. १२० खऱ्या फ्रेम मिळाल्या तर फरफट ८ पिक्सेलवर येते, म्हणजे डिटेल दुप्पट, तेही पॅनेलमध्ये एकही ठिपका न वाढवता.

पण 'खऱ्या फ्रेम' हे शब्द सोडू नका, बरेच जण इथं फसतात. मॅच ५० किंवा ६० चीच येणार, १२० च्या टीव्हीवर प्रत्येक फ्रेम दोनदा दिसेल इतकंच, नजरेसाठी ती तेवढाच वेळ उभी राहिली, फरफट तशीच. नुसता १२० हर्ट्झचा पॅनेल घेऊन मॅच आपोआप स्वच्छ होत नाही. फरक पाडायचे दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे मधे काळी फ्रेम घालणं, त्याने नळीच्या टीव्हीसारखं होतं पण उजेड निम्म्याच्या आसपास उतरतो आणि काहींना लुकलुक जाणवते, डोकं दुखतं. दुसरा म्हणजे टीव्हीने दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः कल्पनेने बनवणं, आणि त्यासाठी पॅनेलमध्ये जागा लागते, ती १२० मध्ये असते. ६० च्या टीव्हीवर ६० ची मॅच आली तर मधे घुसवायला जागाच नाही.

तुमचे पिक्चर डेली सोपसारखे दिसतात ते या कल्पनेतल्या फ्रेममुळेच. मालिका वर्षानुवर्षं सेकंदाला ५०-६० चित्रांच्या व्हिडिओवर शूट झाल्या आणि पिक्चर २४ वर, त्यामुळे गुळगुळीत दिसलं की डोक्यात मालिका आणि किंचित अडखळत दिसलं की पिक्चर हे आपल्या डोळ्यांना पाठ झालंय. टीव्ही २४ चे ६० किंवा १२० करून देतो, आणि कोट्यवधींचा सेट एकदम प्लायवूडचा वाटायला लागतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारीला सोबत घेऊन व्हिडिओ टाकला होता की बाबांनो घरी हे बंद करून बघा, आणि पुढच्याच वर्षी यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, त्यात हे सगळं एका बटणात बंद होतं. तुमच्या सध्याच्या टीव्हीत तो नसेल तर पिक्चर सेटिंगमध्ये मोशनच्या नावाचं जे काही असेल ते शोधा. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी.

आता माझं मत, जे सगळ्यांना पटत नाही. मी पूर्ण बंद करत नाही. विशेषतः ओलेडवर. ओलेडचा पिक्सेल एका मिलिसेकंदाच्या आत बदलतो, तिथं २४ ची प्रत्येक फ्रेम करकरीत येते आणि करकरीत उडी मारते, त्यामुळे सरकत्या सीनमध्ये धक्के बसल्यासारखं वाटतं. साध्या एलसीडीत पिक्सेल आळशी असल्यामुळे हे धक्के थोडे पुसले जातात (एलसीडीच्याच व्हीए नावाच्या प्रकारात तर काळ्याच्या मागे शेपटी राहते, तो वेगळा वैताग). म्हणून ओलेडवर डी-जडर (त्याच मोशन सेटिंगमधला धक्के कमी करणारा आकडा) दहापैकी २ किंवा ३ ठेवतो, धक्का मरतो आणि पिक्चर पिक्चरच राहतो. मॅचला त्याच्या शेजारचा डी-ब्लर (फरफट कमी करणारा) वाढवून बघा, बॉलच्या कडेला भुतं दिसायला लागली की एक पायरी खाली.

आणि हो, मोशन रेट २४०. हा पॅनेलचा रिफ्रेश रेट नाही. पॅनेलचे खरे हर्ट्झ, वर पॅनेलमागच्या दिव्याची (बॅकलाइटची) लुकलुक, वर सॉफ्टवेअरची करामत असं सगळं मिसळून कंपन्यांनी आपापल्या पट्टीने बनवलेला आकडा आहे, एकाचा दुसऱ्याशी ताडून उपयोग नाही. माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिफ्रेश रेट' बघा, तो नसेल तर एचडीएमआयच्या ओळीत '४के १२०' लिहिलंय का बघा. त्यातही दोन खाचखळगे. एकाच सिरीजमध्ये ५५ आणि ६५ इंची १२० चे असतात आणि ४३, ५० चे ६० चे, नाव तेच, त्यामुळे तुमच्याच साइजचा आकडा वाचा. आणि 'डीएलजी १२०' लिहिलेलं असेल तर तो ६० चाच पॅनेल आहे जो उभ्या दिशेतले ठिपके निम्मे करून १२० दाखवतो. वाईट नाही, गेमला बरा आहे, पण ४के १२० म्हणून घेऊ नका.

बॉक्सचं एक राहिलं. कितीतरी घरी मॅच अडखळते म्हणून मला बोलावतात आणि टीव्हीचा दोषच नसतो. प्रसारण ५० चं आणि स्ट्रीमिंगचा बॉक्स कायमचा ६० वर लावलेला, मग सेकंदाला १० फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि खालची बातम्यांची पट्टी गचके खात जाते. ॲपल टीव्हीत 'मॅच कंटेंट'मध्ये फ्रेम रेट चालू करा, फायर टीव्हीत 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट'. पडदा एखादा सेकंद काळा होऊन परत येईल, घाबरू नका, तो आकडा बदलतोय.

मुलाच्या कन्सोलसाठी. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स दोन्ही ४के १२० देतात, आणि १२० खऱ्या फ्रेम घरात येण्याचा हाच एक नेहमीचा रस्ता आहे, सगळे गेम तेवढ्या देत नाहीत पण. एचडीएमआय २.० मधून १८ गिगाबिट जातं, म्हणजे ४के ६० वर संपलं, २.१ ला ४८ पर्यंत जाता येतं. तरी नुसतं '२.१' वाचून विश्वास ठेवू नका, नियमच असे आहेत की पूर्ण वेग न देणाऱ्या पोर्टलाही २.१ म्हणता येतं. चारपैकी दोनच पोर्ट फास्ट असणं फार कॉमन, आणि त्यातलाच एक ईआर्कचा (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा) असतो जिथं साउंडबार बसतो. पोर्टशेजारी '४के १२०' छापलेलं बघून तिथं लावा, केबल 'अल्ट्रा हाय स्पीड' सर्टिफाइड स्टिकरची घ्या. आणि टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचा वेग वेगळा चालू करावा लागतो, 'इनपुट सिग्नल प्लस', 'डीप कलर', 'एन्हान्स्ड फॉरमॅट' अशी नावं असतात. गेम मोड चालू ठेवा, त्यात वर सांगितलेली कल्पनेतली फ्रेम बंद होते आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हलेपर्यंतचा वेळ कमी होतो. व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट) असेल तर तोही चालू करा, गेमच्या फ्रेम कमीजास्त झाल्या की पडदा त्यांच्यासाठी थांबतो, चित्र मधे फाटत नाही.

एवढं सगळं करूनही १२० चा पर्याय कन्सोलमध्ये दिसला नाही तर टीव्हीला शिव्या द्यायच्या आधी वायर हाताने धरून शेवटपर्यंत जा. मागच्याच महिन्यात मी एका घरी दीड तास घालवला, पोर्ट बरोबर, केबल बरोबर, मेनू बरोबर, आणि कन्सोलची वायर जात होती साउंडबारमध्ये, तिथून टीव्हीत. साउंडबार ४के ६० च्या पुढे काही सोडत नव्हता. कन्सोल सरळ टीव्हीला लावला, साउंडबारला आवाज ईआर्कने दिला, दोन मिनिटांत १२० आलं.